रोमन शिपायाचे वेतन आणि एग्मोरचा नाणेसंग्रह

चेन्नईतील एग्मोर येथील शासकीय संग्रहालयाची स्थापना 1851 मध्ये झाली. तेथील नाणेसंग्रहात तमिळ प्रदेशात, विशेषतः कोइंबतूरच्या परिसरात, जमिनीखाली सापडलेली रोमन नाणी आहेत. तमिळ प्रदेशातील अशा निधींत ऑगस्टस आणि तिबेरियस या पहिल्या दोन सम्राटांच्या नाण्यांचे प्राबल्य आढळते. मिरी, मोती, वैडूर्य आणि तलम कापड यांच्या मोबदल्यात ही नाणी आली, त्यामुळे त्यांचा विचार प्रामुख्याने व्यापाराच्या अंगाने झाला. परंतु याच चलनात रोमन सैन्याचे वेतन चुकते होत असल्याने ती सैन्यात म्हातारपण गाठणाऱ्या शिपायाच्या इतिहासाचेही साधन ठरतात.

दिनारियस हे रोमचे चांदीचे प्रमुख नाणे असून 16 अस, म्हणजे लहान नाणी, मिळून एक दिनारियस होत असे. लीजन, म्हणजे रोमन नागरिकांची सुमारे 5,000 जणांची पलटण, हिच्यातील साध्या शिपायाला वर्षाला 225 दिनारियस, म्हणजे रोजचे 10 अस मिळत, आणि त्यांतूनही अन्न, कपडे व शस्त्रे यांचा खर्च वजा होई. ऑगस्टसने इ. स. 5 मध्ये सेवेची मुदत 16 वर्षांवरून 20 वर्षांवर नेली आणि पुढच्याच वर्षी सैनिकी कोश स्थापून वारशावर 5 टक्के व लिलावातील विक्रीवर 1 टक्का कर लावला, जेणेकरून निवृत्ताला 3,000 दिनारियस, म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळाचे वेतन, एकरकमी देता यावे.

प्रत्यक्षात ही मुदत पाळली जात नसे. इ. स. 14 मध्ये ऑगस्टस मरण पावून तिबेरियस गादीवर येताच डॅन्यूब आणि ऱ्हाइन नद्यांकाठच्या पलटणींनी बंड केले. टॅसिटस या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार तीस-चाळीस वर्षे सेवेत अडकलेल्या या शिपायांची मागणी रोज एक दिनारियस आणि सोळाव्या वर्षी सुटका अशी होती. निवृत्तांना जमीन म्हणून दलदल किंवा माळ मिळतो, ही त्यांची तक्रार होती. ऱ्हाइनकाठी काहींनी चुंबनाच्या निमित्ताने सेनापती जर्मानिकसचा हात धरून त्याची बोटे आपल्या बोळक्या तोंडात घातली. बंड शमवताना मिळालेली सोळा वर्षांची सवलत तिबेरियसने इ. स. 15 मध्ये, कोशाला भार पेलणार नाही या कारणास्तव, रद्द केली.

ज्या सम्राटाने म्हाताऱ्या शिपायांसाठी कोश अपुरा असल्याचे सांगितले, त्याचीच चांदी मिरी-मोत्यांसाठी तमिळ बंदरांकडे वाहत होती. तमिळ संगम वाङ्मयातील ‘मुल्लैप्पाट्टु’ या काव्यात राजाच्या छावणीत पहारा देणारे यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले लोक, आढळतात. तेव्हा नाण्यांप्रमाणेच शस्त्र चालवणारी माणसेही या किनाऱ्यावर पोहोचली होती. म्हणून एग्मोरच्या नाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी मिरीच्या व्यापाराबरोबर सैन्याच्या वेतनाचाही हिशेब मांडावा, कारण साम्राज्याच्या वैभवाचा भार कोणी वाहिला हे त्या हिशेबाशिवाय कळत नाही.