नुसतं नाव पुरत नाही: आडनाव, दप्तर आणि परमुलखाची वाट

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. आडनाव. आपल्याकडे ते इतकं गृहीत धरलेलं आहे की कोणी नुसतं नाव सांगितलं तर आपण लगेच विचारतो, "पुढे काय?" ज्याच्याकडे या "पुढे काय"चं उत्तर नसतं, त्याचं काय होतं, याबद्दल आज बोलायचं आहे.

सुरुवात अलीकडच्या गोष्टीने करू. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एक नियम लागू केला. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल, म्हणजे आडनावाचा किंवा नावाचा रकाना रिकामा असेल, तर अशा प्रवाशाला व्हिजिट व्हिसावर देशात प्रवेश नाही. विमान कंपन्यांनी हे पत्रक आपल्याकडे जाहीर केलं आणि धांदल उडाली. तिकीट काढलेलं, व्हिसा हातात आलेला आणि विमानात बसायला मनाई. काही दिवसांतच खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. पण तोपर्यंत व्हायचा तो मनस्ताप झालाच. ज्यांना तो झाला, त्यांचा गुन्हा काय? आईबापांनी एकच नाव ठेवलं, एवढाच.

आता कोणी म्हणेल, हे तारोडीत कशाला सांगता? इथे तर प्रत्येकाला आडनाव आहे. डिमेलो, परेरा, डिसोजा, गोन्साल्विस. बरोबर आहे. पण ही आडनावं आली कुठून, हे पाहिलं तर तारोडी, डोंगरी, चौक, पाली, उत्तन या पट्ट्याइतकी या विषयाला योग्य जागा दुसरी सापडणार नाही. कारण इथे आडनाव घरात जन्मलं नाही, ते वहीत जन्मलं.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागून मिशनरी आले, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. त्याआधी इथल्या माणसाची ओळख काय होती? त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात. कुळाचं नाव असेल तर ते लग्न जुळवताना आणि देवकार्यात निघायचं, रोज लागायचं नाही. गावात सगळे सगळ्यांना ओळखत असताना लागणार तरी कशाला?

बाप्तिस्मा झाला की नवं नाव मिळायचं आणि त्याच्यासोबत आडनावही. ते बहुतेक वेळा धर्मपित्याचं असायचं किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं. हे का जमलं, त्यालाही कारण आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं की प्रत्येक पॅरिशमध्ये वही ठेवायची, तिच्यात लग्नं नोंदवायची आणि बाप्तिस्म्याला धर्मपिता, धर्ममाता कोण होते तेही लिहायचं. म्हणजे युरोपात जो कारभार नुकताच सुरू होत होता, तो त्याच शतकात साष्टीच्या किनाऱ्यावर येऊन पोचला. म्हणून एका गावातले दोन परेरा एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. त्यांच्या पूर्वजांना नाव देणारा एक होता, एवढाच त्याचा अर्थ.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत धारावीचा किल्ला आणि पाठोपाठ वसई मराठ्यांकडे आली. राज्य बदललं, दप्तराची लिपी बदलली. मराठी दप्तराची नावं लिहायची रीत वेगळी होती: अमका बिन तमका, मौजे अमुक. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढे १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली, आणि तिसरी लिपी, तिसरी रीत आली. माणूस तोच, घर तेच, वाडी तीच. पण चर्चच्या वहीत तो एक, मोडी कागदात दुसरा आणि इंग्रजी रजिस्टरात तिसरा.

आडनावांनीही या प्रवासात आपला आकार बदलला. वसईकडचे दाब्रे घ्या. मूळ पोर्तुगीज द आब्रेऊ. मराठी जिभेवर घोळून घोळून त्याचं दाब्रे झालं, आणि आता ते अस्सल वसईचं आडनाव आहे. लोपेसचं लोपीस झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, मराठीत स्वतःचं आडनाव दिब्रिटो असं एकसंध लिहायचे. इंग्रजीत त्याच आडनावात 'डी'नंतर वर एक टिंबासारखी खूण येते. ही छोटीशी खूण लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे.

आणि समाजाचं नावसुद्धा असंच कागदासाठी आलेलं आहे. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, इथल्या ख्रिस्ती लोकांनी "ईस्ट इंडियन" हे नाव घेतलं. मुंबईत गोव्याहून आणि मंगळूरहून आलेले ख्रिस्ती होते, त्यांचीही आडनावं फर्नांडिस आणि डिसोजाच. सरकारी आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांत आपण वेगळे, इथलेच, हे दाखवायला आडनाव पुरेना. म्हणून समाजालाच एक नवं नाव लावावं लागलं.

आता जरा बाहेर बघू. आपल्याला वाटतं आडनाव ही अनादी काळापासून चालत आलेली गोष्ट. मुळीच नाही. फिलिपिन्समध्ये १८४९ मध्ये गव्हर्नर क्लाव्हेरिया याने आडनावांची यादीच छापून गावोगाव पाठवली आणि लोकांना त्यातून आडनावं घ्यायला लावली. जपानमध्ये १८७५ मध्ये सर्वसामान्य माणसाला आडनाव सक्तीचं झालं. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, १९१३ मध्ये. तुर्कस्तानात १९३४ मध्ये कायदा आला. कारणं सगळीकडे तीच: कर कोणाकडून घ्यायचा, सैन्यात कोणाला भरती करायचं, जमीन कोणाच्या नावावर, खटल्यात हजर कोण. गावाला माणूस चेहऱ्याने ओळखू येतो. सरकारला चेहरा दिसत नाही, त्याला रकाना लागतो.

मग जे हा रकाना भरल्याशिवाय घराबाहेर पडले त्यांचं काय झालं? आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण आहे, मॉरिशसचं. १८३४ पासून गिरमिटिया मजूर तिकडे जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं हिंदुस्थानातून तिथे उतरली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही बरीच गेली, त्यांत मराठी माणसं होती. बंदरावर कारकून लिहून घ्यायचा: नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव. आणि एक क्रमांक. आडनाव? बहुतेकांच्या बाबतीत नाही. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

पण मॉरिशसच्या नोंदणीत पुढच्या पिढीला आडनाव हवंच होतं. तेव्हा सोपा मार्ग निघाला: बापाचं पाळण्यातलं नाव तेच मुलाचं आडनाव. समजा कोकणातला एक धोंडू गेला. त्याची मुलं झाली "धोंडू" आडनावाची. त्याचा सख्खा भाऊ बाळू दुसऱ्या जहाजाने गेला असेल, तर त्याची मुलं "बाळू" आडनावाची. एका आजोबांची नातवंडं दोन वेगळी घराणी होऊन बसली. वर त्याचं स्पेलिंग फ्रेंच किंवा इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. आज मॉरिशसमधल्या कोणा मराठी माणसाला आपलं मूळ गाव शोधायचं असेल, तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या या नोंदींकडेच जावं लागतं. आणि तिथे नावापेक्षा तो क्रमांकच जास्त उपयोगी पडतो. विचार करा: माणसाचं नाव हरवलं, पण क्रमांक टिकला.

आता आजच्या काळात येऊ. आज कारकुनाच्या जागी यंत्र आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, प्रत्येक ओळीत ४४ अक्षरांची जागा. पहिल्या ओळीत नाव. त्यासाठी ३९ जागा. आधी आडनाव, मग दोन कोनासारख्या खुणा, मग स्वतःचं नाव. हे जगभराचं ठरलेलं माप आहे, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयसीएओने, घालून दिलेलं. आता गंमत अशी की या नियमात एकाच नावाच्या माणसाचीही सोय आहे. एक नाव लिहा, पुढच्या जागा खुणांनी भरा. म्हणजे मूळ नियमाला अडचण नाही. अडचण सुरू होते ती पुढच्या देशाच्या संगणकात, विमान कंपनीच्या तिकिटात, बँकेच्या फॉर्ममध्ये, जिथे आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडतच नाही.

अमेरिकेने यावर जो तोडगा काढला तो पाहण्यासारखा आहे. पासपोर्टवर आडनाव नसेल तर तुमचं नाव आडनावाच्या जागी सरकवतात आणि नावाच्या जागी लिहितात "एफएनयू", अर्थात पहिलं नाव माहीत नाही. मग ही तीन अक्षरं व्हिसावरून बाकीच्या कागदांवर जातात, आणि एखाद्या हापिसात माणसाला हाक मारतात "मिस्टर फनू". आईने ठेवलेलं नाव आडनाव झालं आणि "माहीत नाही" हे नाव झालं.

अशी माणसं कोण आहेत? आपल्या शेजारीच आहेत. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे तमीळ लोक घ्या. तिकडे आडनावाची रीत नव्हतीच, नावाआधी बापाच्या नावाचं आद्याक्षर. ज्यांच्या नावामागे जातीची बिरुदं होती त्यांनीही, पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीच्या १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेनंतर, ती सोडायला सुरुवात केली. म्हणजे कित्येक घरांत आडनाव नसणं ही उणीव नाही, ती घेतलेली भूमिका आहे. उत्तरेकडून भाईंदरला आलेल्या कितीतरी बायांच्या कागदावर नुसतं देवी, कितीतरी मुसलमान बायांच्या कागदावर नुसतं बानो किंवा खातून असतं. नवऱ्याचं आडनाव वेगळं, मुलांचं तिसरंच. घरात सगळं ठीक. पासपोर्टच्या खिडकीशी मात्र हे कुटुंब एक आहे, हे सिद्ध करावं लागतं.

आणि आडनाव असणाऱ्यांनी निवांत राहावं असंही नाही. ती 'डी'नंतरची खूण आठवा. पासपोर्टच्या त्या यंत्राच्या ओळीत ती खूण चालत नाही, ती गाळून अक्षरं जोडतात. मग एका कागदावर खूण, दुसऱ्यावर मोकळी जागा, तिसऱ्यावर सलग, आणि सातबारावर तलाठ्याने लिहिलेलं चौथंच. आजोबांच्या नावाची जमीन नातवाच्या नावावर करताना हे चारही एकाच घराचे, हे सांगायला प्रतिज्ञापत्र लागतं. आखातात कामाला किंवा बोटीवर जाणाऱ्या पोराची तर तारीखच हुकते.

आपल्याकडच्या तीनपदरी नावाचीही एक गोष्ट आहे. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. बाहेर मधलं नाव कधी गळतं, कधी पहिल्याला चिकटतं. लग्नानंतर बाईचं मधलं नावही बदलतं आणि शेवटचंही, त्यामुळे तिचा शाळेचा दाखला आणि पासपोर्ट दोन वेगळ्या बायांचे वाटतात. त्यात आता आणखी एक पदर आला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने क्रम ठरवला: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आईचं नाव आलं, हे फार चांगलं झालं, उशिरा का होईना. पण ३९ जागांत चार नावं बसवायची आहेत, हेही ध्यानात ठेवा.

मग करायचं काय? दोन गोष्टी सांगतो. पहिली घरातली. जन्मदाखला हा आता मूळ कागद आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी तर जन्मतारखेचा तोच पुरावा. तेव्हा बाळाचं नाव नोंदवताना स्पेलिंग एकदा ठरवा, आईबापांच्या पासपोर्टशी ताडून पाहा. चूक झालीच असेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती मागता येते. मोठ्या माणसाला राजपत्रात नावबदल छापून आणता येतो. हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी करायचं, नंतर नाही. आणि तिकिटावर नाव अगदी पासपोर्टवर आहे तसंच.

दुसरी गोष्ट खिडकीच्या आतल्या बाजूची. आपल्यातले पुष्कळ जण शाळेत, बँकेत, महापालिकेत, सोसायटीच्या कमिटीत बसतात. तिथे कोणी एकच नाव घेऊन आलं तर "अपूर्ण अर्ज" म्हणून परत पाठवू नका. तो अर्ज पूर्ण आहे, रकाना अपुरा आहे. आणि आपल्या मनाने तिथे टिंब, कुमार किंवा बापाचं नाव दडपून देऊ नका. आज खिडकीवर सोयीसाठी लिहिलेला तो एक शब्द वीस वर्षांनी तिच्या मुलाला विमानतळावर अडवतो.

या गावाने हे तीनदा पाहिलं आहे. पाद्रीने नाव दिलं, कारकुनाने ते मोडीत वळवलं, इंग्रजाने ते पुन्हा बदललं. आपले पूर्वज तिन्ही वेळा तेच राहिले. म्हणून नाव नसलेल्या रकान्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला परका समजायचा हक्क निदान आपल्याला तरी नाही. चारशे वर्षांपूर्वी त्या वहीसमोर आपणच उभे होतो, आणि तेव्हा आपल्यालाही विचारलं होतं, "पुढे काय?"