शंभर वर्षांनी परतलेला कॅप्टन

इतिहासाच्या पॉडकास्टवर अंतराळयानं कशाला, असं आज काही जण म्हणतील. जरा धीर धरा. आपण इसवी सनापूर्वी 401 पर्यंत जाणार आहोत.

पण सुरुवात घरातून करतो. माझ्या मावसभावाच्या बैठकीच्या खोलीत त्याच्या आजोबांचा हार घातलेला फोटो आहे. 1965 च्या लढाईत गेले. मावसभावाला ‘तुला फौजेत जायचंय का’ असं कधी कुणी विचारलं नाही. विचारायचे ते थेट ‘भरती कधी होणार?’ एकदा गच्चीवर तो मला म्हणाला, “मला त्या फोटोचा राग येतो रे.” मी गप्पच बसलो. काय बोलणार?

ते वाक्य मला पुन्हा आठवलं ‘द लॉस्ट फ्लीट’ वाचताना. 2006 ते 2010 मध्ये आलेली सहा कादंबऱ्यांची ही मालिका. लेखक जॅक कॅम्पबेल. हे टोपणनाव बरं का. खरं नाव जॉन हेम्री, अमेरिकेच्या नौदलातले निवृत्त अधिकारी.

गोष्ट अशी. जॉन गीअरी नावाचा एक अधिकारी युद्धाच्या अगदी पहिल्या चकमकीत बाकीच्यांना निसटता यावं म्हणून एकटा शत्रूला अडवून धरतो. त्याचं जहाज जातं, तो मेला असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तो एका छोट्या कुपीत गोठलेल्या झोपेत असतो. शंभर वर्षांनी सापडतो, तेव्हा युद्ध अजून चालूच असतं आणि तो ‘ब्लॅक जॅक’ नावाची दंतकथा झालेला असतो. मरणोत्तर बढती मिळाल्यामुळे कागदोपत्री तो आरमारातला सगळ्यात ज्येष्ठ कॅप्टन! त्याला मात्र हे टोपणनावसुद्धा आवडत नाही.

आता ते 401. ग्रीक भाडोत्री सैनिक, सुमारे दहा हजार, इराणी राजपुत्र सायरससाठी लढायला पार बॅबिलोनजवळ गेले. कुनाक्साच्या लढाईत सायरसच मारला गेला. मग बोलणी करायला म्हणून त्यांच्या सेनापतींना बोलावलं आणि दगा करून पकडलं, मारलं. परक्या मुलखात, घरापासून कोसो दूर. उरलेल्यांनी आपल्यातूनच नवे नायक निवडले, त्यातला एक झेनोफन. लढत, उपाशीतापाशी, डोंगर तुडवत ते काळ्या समुद्रापर्यंत पोचले. कॅम्पबेलने हाच सांगाडा उचललाय. त्याच्याही गोष्टीत आरमार शत्रूच्या घरात अडकतं, वरिष्ठ अधिकारी बोलणी करायला जातात आणि मारले जातात. जबाबदारी पडते नुकत्याच जागं झालेल्या गीअरीवर.

त्यात दुसरा धागा आहे तो झोपलेल्या वीराचा. संकटाच्या वेळी उठून येईल, असा. हे आपल्याला नवं नाही. पानिपतानंतर ‘भाऊसाहेब जिवंत आहेत’ ही आशा इतकी चिवट होती की चक्क तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गोळा झाली आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. पार्वतीबाईंनी तर स्वतःला विधवा मानायलाच नकार दिला होता. दंतकथेची किंमत घरच्यांनी कशी मोजायची असते, ते इथे दिसतं.

सैनिक परत येतो तेव्हा काय होतं, हे विज्ञानकथेत याआधी जो हाल्डेमनने लिहिलं होतं. भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस व्हिएतनामला पाठवला गेला आणि 1968 मध्ये तिथे जबर जखमी झाला. 1974 च्या ‘द फॉरएव्हर वॉर’मध्ये त्याचा नायक मँडेला प्रकाशाच्या जवळपास वेगाने प्रवास करतो. त्याची दोन वर्षं होतात तेवढ्यात पृथ्वीवर दशकं उलटतात. तो घरी येतो, तर ओळखीचं असं काहीच उरलेलं नाही. गंमत बघा, कादंबरी आधी मासिकात तुकड्यातुकड्यांनी आली, तेव्हा संपादकांनी नेमका हा घरी परतण्याचा भाग फार उदास म्हणून नाकारला. लढाया चालल्या, घर नाही चाललं! शेवटी कळतं की 1143 वर्षांचं ते युद्ध खोट्या कारणावर सुरू झालं आणि दोन्ही बाजूंना एकमेकांशी बोलता येत नव्हतं म्हणूनच चालू राहिलं.

हाल्डेमनचा समेट शत्रूशी होतो. कॅम्पबेलचा मला जास्त भिडला, कारण तो घरातला आहे.

गीअरीच्या भावाचा नातू मायकल त्याच आरमारात एका जहाजाचा कप्तान असतो. गीअरी गोठलेला होता, त्यामुळे नातू आजोबांपेक्षा वयाने मोठा दिसतो. आणि तो या आजोबांचा मनापासून द्वेष करतो. आडनाव गीअरी, म्हणजे आरमारात जाणं ठरलेलंच. वडीलधाऱ्यांपासून सगळ्यांचं आयुष्य त्या एका नावाखाली गेलेलं. पहिल्या भेटीत तो नीट बोलतसुद्धा नाही.

मग आरमार पळ काढतं तेव्हा कुणीतरी मागे राहून शत्रूला अडवायला हवं असतं. मायकलचं जहाज आधीच खिळखिळं झालेलं. तो स्वतःच मागे थांबतो. शंभर वर्षांपूर्वी गीअरीने केलं, अगदी तेच. तिथे उभं राहिल्यावर त्याला कळतं की या माणसाने मिरवायला काही केलं नव्हतं, त्याच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. जाता जाता तो निरोप देतो, की बहिणीला, जेनला सांगा, मला आता तुमचा राग नाही.

बस्स. माफी नाही, मिठी नाही. वेळच नसतो.

पुढची सगळी पुस्तकं गीअरी तो निरोप सांभाळत घराकडे येतो. मोठमोठ्या लढायांपेक्षा मला त्याच्या या ओझ्याचीच काळजी लागली होती, कारण जेनसुद्धा त्याच आडनावाखाली वाढलेली. अंतराळातल्या डावपेचांचं वर्णन काही ठिकाणी फार लांबतं, हे मात्र कबूल करतो. मी पानं उलटली आहेत.

पहिलं पुस्तक मी मावसभावाला दिलंय. परवा विचारलं तर मायकलपर्यंत पोचलेला नव्हता. म्हणून आजच्या भागाची लिंक त्याला पाठवलेली नाही. तुम्हीही पाठवू नका.