इस्त्रीचा भरवसा

वस्तूंचा इतिहास सांगायला बसलो की आपण घड्याळ, छापखाना, आगगाडी अशा मानाच्या वस्तू घेतो. इस्त्रीचं नाव कुणी काढत नाही. आज आम्ही ते काढणार आहोत, आणि त्याला कारण अगदी व्यवहारातलं आहे. घरी ब्लाऊज, ड्रेस शिवून देणाऱ्या बायका हमखास एक प्रश्न विचारतात: वाफेची कुठली इस्त्री भरवशाची? कंपनीचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण मॉडेलं सारखी बदलत राहतात. मात्र भरवसा नेमका कशाचा ठेवायचा, ते इतिहासात नीट सापडतं. आणि प्रश्न किरकोळ नाही. गिऱ्हाइकाच्या रेशमावर पाण्याचा डाग पडला तर शिलाई तर जातेच, कापडही भरून द्यावं लागतं, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही.

आधी शब्द घेऊ. 'इस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'एस्तिरार' म्हणजे 'ताणणे' यावरून आला, असं बरेच अभ्यासक मानतात. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक चिनी चित्र आहे, सम्राट ह्वीझोंगच्या नावावर असलेलं. त्यात दरबारी स्त्रियांनी रेशमाचा लांब पट्टा दोन्ही बाजूंनी ताणून धरला आहे आणि एक जण निखाऱ्यांनी भरलेलं पसरट भांडं त्यावरून फिरवते आहे. म्हणजे ताण आहे, उष्णता आहे. पण तेवढ्याने भागत नाही. सुती धाग्यात सेल्युलोजच्या साखळ्या असतात आणि हायड्रोजन बंधांनी त्या एकमेकींना धरून राहतात. ओल आणि उष्णता मिळाली की हे बंध सुटतात, दाबामुळे धागा नव्या जागी बसतो, आणि कापड सुकून गार होताना त्याच जागी बंध पुन्हा जुळतात. म्हणूनच इस्त्री फिरवल्या फिरवल्या गरम कापड उचललं की त्याला नवी चुणी पडते. तेव्हा उष्णता, ओल आणि दाब, अशी ही तीन कामं आहेत. इस्त्रीचा सगळा इतिहास म्हणजे ही तीन कामं कुणी करायची याची वाटणी आहे, असं आमचं मत आहे.

युरोपातल्या शिंप्याने ही वाटणी साधी ठेवली होती. दाब द्यायला जाड लोखंडी इस्त्री, ओल द्यायला ओला फडका, उष्णतेला चूल. त्या इस्त्रीची मूठ हंसाच्या मानेसारखी वळलेली, म्हणून इंग्रजीत तिला 'गूज' म्हणत. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला द्वारपालसुद्धा तिचा उल्लेख करतो, इतकी ती ओळखीची होती. घरच्या बाईचे हाल वेगळे होते. ओतीव लोखंडाची मूठही चुलीवर तापायची, त्यामुळे हात भाजायचा. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मेरी पॉट्स यांनी १८७१ मध्ये सुटी होणारी लाकडी मूठ काढून तिचं पेटंट घेतलं. एक इस्त्री चालवायची, बाकीच्या चुलीवर ठेवायच्या, मूठ काढून दुसरीला लावायची. इतकी साधी युक्ती सुचायला लोखंडाच्या इस्त्रीला शतकं लागली. याचं कारण उघड आहे, भाजणारा हात आणि वस्तू घडवणारा हात वेगळे होते.

पण इस्त्री किती तापली हे कळायचं कसं? बोट ओलं करून क्षणभर टेकवायचं आणि चर्र आवाज ऐकायचा. आमच्या न्यायदर्शनाच्या भाषेत हे प्रत्यक्ष ज्ञान झालं. आज आपण तसं करत नाही, तबकडीवर 'सिल्क' असं लिहिलंय ते वाचतो आणि विश्वास ठेवतो. हे शब्दप्रमाण. न्यायवाले शब्दाला प्रमाण मानतात खरं, पण अट घालतात: सांगणारा आप्त हवा, म्हणजे त्याला वस्तू नीट माहीत हवी आणि जशी आहे तशी त्याने सांगायला हवी. इस्त्रीची तबकडी आप्त आहे का, हा आमच्या मते खरेदीचा पहिला प्रश्न.

ती तबकडी आली कुठून, बघा. न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी ६ जून १८८२ रोजी विजेच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं त्याच वर्षी ४ सप्टेंबरला. म्हणजे त्या शहरात घरोघरी वीज पोचण्याआधी विजेची इस्त्री कागदावर तयार होती! पुढची वीसेक वर्षं तिचं फारसं काही झालं नाही, कारण बऱ्याच गावांत वीज फक्त रात्री, दिव्यांपुरती मिळे. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओ गावी अर्ल रिचर्डसन वीजकंपनीत काम करत. इस्त्रीचा वार मंगळवार, तर त्या दिवशी वीज दिवसाही द्यावी असं त्यांनी मालकांना पटवलं. त्यांच्या पहिल्या इस्त्र्या मधोमध फार तापत. टोकाला उष्णता जास्त हवी, म्हणजे बटणांच्या आजूबाजूला आणि चुण्यांत इस्त्री शिरेल, असं त्यांच्या पत्नीने सुचवलं म्हणतात. तिथून 'हॉटपॉइंट' हे नाव पडलं.

तरी या इस्त्र्यांना आपणहून थांबणं माहीत नव्हतं. प्लग काढायला विसरलं की कापड जळालं, कधी घरही. ही सवय इस्त्रीला लावली ती थर्मोस्टॅटने, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या जोडपट्टीने. तापली की ती वाकते आणि वीज तोडते. अशी पट्टी इंग्लंडच्या जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला जहाजावरच्या घड्याळासाठी केली होती, हवामान बदललं तरी वेळ चुकू नये म्हणून. समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी केलेली युक्ती शेवटी परकर-सदऱ्यांच्या कामी आली.

वाफेची इस्त्री बाजारात आली १९२६ मध्ये, न्यूयॉर्कच्या एल्डेक कंपनीची. (पुढच्याच वर्षी हायडेगरचा 'सत् आणि काल' हा ग्रंथ आला. हत्यार नीट चालतं तोवर आपल्याला ते दिसत नाही, बिघडलं की दिसतं, असं त्यात एक विवेचन आहे. इस्त्री वापरणाऱ्याला ते समजावून सांगावं लागणार नाही.) वाफेचा फायदा खरोखर मोठा आहे. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते, तीही कापडाच्या आत, धाग्याधाग्यापाशी. आणि कापड ओलं आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून लोकर करपत नाही.

आता यातली खोच पाहा. घरगुती वाफेच्या इस्त्रीत टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने तापलेल्या तळात पडतं आणि तिथेच त्याची वाफ होते. म्हणजे वाफ आणि उष्णता एकाच दोरीला बांधलेल्या. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात: एक ठिपका म्हणजे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. एका ठिपक्यावर तळ इतका कमी तापलेला असतो की सगळ्या थेंबांची वाफ होतच नाही. उरलेलं पाणी गळतं, आणि रेशमावर डाग पडतो. ज्या नाजूक कापडाला वाफ हवी, नेमकं तिथेच हे यंत्र दगा देतं. तबकडीवर वाफेची खूण बहुधा दोन ठिपक्यांच्या पुढेच असते ती यासाठी. ती खूण प्रामाणिक आहे, आपण वाचत नाही.

शिंपीकामाच्या कारखान्यांत ही दोरी पुन्हा सोडवली आहे. एका प्रकारात बॉयलर वेगळा असतो आणि तयार वाफ नळीने येते. दुसऱ्यात पाण्याची बाटली वर टांगलेली, इस्त्री जड, आणि बटण दाबलं तरच पाणी आत शिरतं. रोज चार-सहा तास शिवणाऱ्या बाईने यातलाच प्रकार घ्यावा. बाटलीवाली स्वस्त पडते, पण तिला हुक, जागा आणि जपून वापरणारा हात लागतो. आणखी एक. अनेक घरगुती इस्त्र्या काही मिनिटं स्थिर राहिल्या की आपोआप बंद होतात. विसरभोळ्या घरात हा मोठाच आधार. पण दर शिवणीनंतर एकदा इस्त्री फिरवणाऱ्याला ती दर वेळी गारच सापडते, तेव्हा ही सोय बंद करता येते का ते दुकानातच विचारा.

आणि जिचं बजेट थोडं आहे तिला आम्ही वाफेची इस्त्री घेऊच नका म्हणू. स्वस्त वाफेच्या इस्त्रीपेक्षा दोनेक किलो वजनाची, चांगल्या थर्मोस्टॅटची साधी कोरडी इस्त्री आणि मलमलीचा ओला फडका हे सरस. वर सांगितलेली तिन्ही कामं त्यात वेगवेगळ्या हाती राहतात. आयएसआय खूण आणि तीन पिनांचा प्लग मात्र हवाच. ओल्या फडक्यापाशी अर्थिंग नसलेली वीज नको.

वाफेची घेतलीच, तर तिचा शत्रू पाणी. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते तापलं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धरतो, भोकं बुजतात, आणि एक दिवस पांढरट चिखल थेट काळ्या कापडावर येतो. कुठलं पाणी चालेल ते माहितीपत्रकात असतं, ते पाहा. टाकीत अत्तर, खळ काही घालू नका. काम संपलं की इस्त्री गार व्हायच्या आत प्लग काढून टाकी रिकामी करा, उरलेली ओल तळाच्या उष्णतेने सुकून जाते. नवी इस्त्री आणली की पहिले दोन दिवस ती पांढऱ्या सुती कपड्यावर चालवा, एकेका ठिपक्यावर, वाफेसह. कुठल्या आकड्याला ती गळते ते वहीत लिहून ठेवा, आणि गिऱ्हाइकाचं रेशीम त्यानंतरच हातात घ्या.