पचनविकार आणि शिशुदुग्ध

शिशुदुग्ध (फॉर्म्युला दूध, बोलीभाषेत डब्याचे दूध किंवा पावडरचे दूध) हा एक वर्षाखालील बालकांना आईच्या दुधाऐवजी किंवा त्याला पूरक म्हणून दिला जाणारा आहार आहे. बहुतेक शिशुदुग्धे गाईच्या दुधातील घटकांचे प्रमाण मानवी दुधाच्या जवळ आणून तयार केली जातात. ज्या बालकांना ते सोसत नाही, त्यांच्यासाठी प्रथिने, शर्करा किंवा दाटपणा यांत बदल केलेले विशेष प्रकार मिळतात. योग्य प्रकार कोणता, हे दुधातील कोणत्या घटकामुळे त्रास होतो यावर ठरते. त्यामुळे कारण न शोधता एकामागून एक डबे बदलल्याने बहुधा उपयोग होत नाही.

सर्वसाधारण तक्रारी

पहिल्या काही महिन्यांत बाळाने दूध पिऊन गुळणी टाकणे सामान्य असते. अन्ननलिका व जठर यांमधील झडप अपरिपक्व असल्याने असे होते आणि वर्षाच्या आत ते बहुतांशी थांबते. निरोगी बाळ सायंकाळी दीर्घकाळ रडत राहते, त्यास शिशुशूल (कोलिक) म्हणतात. हा त्रास सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असतो व तीन-चार महिन्यांत ओसरतो. वजन नीट वाढत असेल, तर या दोन्ही अवस्थांत सहसा दूध बदलण्याची गरज नसते. दूध पाजण्याची पद्धत सुधारणे, थोडेथोडे पाजणे आणि ढेकर काढणे यांनी आराम पडतो. गुळण्या फारच होत असल्यास दाट केलेले शिशुदुग्ध सुचवले जाते.

गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी

या विकारात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा केसीन व निवळीतील प्रथिने यांविरुद्ध प्रतिक्रिया देते. काही बालकांत दूध प्याल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, सूज किंवा उलटी दिसते. इतरांत काही तासांनी वा दिवसांनी शौचातून रक्त, जुलाब, इसब, वजन न वाढणे अशी लक्षणे दिसतात.

निदानासाठी दोन ते चार आठवडे गाईचे दूध पूर्ण वर्ज्य करतात आणि नंतर वैद्यकीय देखरेखीखाली ते पुन्हा देऊन पाहतात. दूध बंद केल्यावर लक्षणे जाणे व पुन्हा दिल्यावर परतणे, यांवरून निदान पक्के होते. स्तनपान करणाऱ्या बाळालाही ही ॲलर्जी होऊ शकते. अशा वेळी स्तनपान न थांबवता आईच्या आहारातून दुग्धजन्य पदार्थ वगळले जातात. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी बालपणातच नाहीशी होते.

दुग्धशर्करेची असहनशीलता

ही अवस्था ॲलर्जीहून वेगळी आहे. आतड्यातील लॅक्टेज हे एंझाइम कमी पडल्याने दुग्धशर्करा (लॅक्टोज) पचत नाही आणि फेसाळ, आंबूस वासाचे जुलाब होतात. अर्भकांत हे बहुधा जुलाबाच्या तीव्र आजारानंतर उद्भवते व आतडे बरे होताच जाते. जन्मजात प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे.

विशेष शिशुदुग्धाचे प्रकार

• पूर्ण विच्छेदित प्रथिनांचे दूध: यातील प्रथिनांचे अतिशय लहान तुकडे केलेले असतात. ॲलर्जीत बहुधा याचीच प्रथम निवड होते. अंशतः विच्छेदित दूध ॲलर्जीसाठी पुरेसे नसते.
• ॲमिनो अम्लांचे दूध: तीव्र ॲलर्जीत किंवा वरील दुधाने गुण न आल्यास देतात.
• सोया-आधारित दूध: काही बालकांना सोयाचीही ॲलर्जी असते. ॲलर्जीवर उपाय म्हणून सहा महिन्यांखालील बालकांना ते सहसा सुचवले जात नाही. गॅलॅक्टोसेमिया या दुर्मीळ जन्मजात विकारात मात्र ते उपयुक्त ठरते.
• दुग्धशर्करारहित दूध: यात सामान्यतः गाईच्या दुधातील प्रथिने असतात; म्हणून ॲलर्जीत ते निरुपयोगी ठरते.

म्हैस, शेळी व मेंढी यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी बरीच मिळतीजुळती असल्याने ॲलर्जीत ही दुधे पर्याय ठरत नाहीत. शिवाय साधे शेळीचे दूध हाच मुख्य आहार ठेवल्यास फोलेटच्या अभावाने रक्तक्षय होण्याचा धोका असतो.

दक्षता

भुकटी व पाणी यांचे प्रमाण डब्यावरील सूचनेप्रमाणेच ठेवावे लागते. पाणी जास्त झाल्यास कुपोषण आणि कमी झाल्यास बद्धकोष्ठ व निर्जलीकरण संभवते. हे त्रास पुष्कळदा दुधाच्या प्रकारामुळे होत असल्याचे समजले जाते. हिरवी किंवा जोराने फेकली जाणारी उलटी, शौचात रक्त, टाळू खोल जाणे, लघवी कमी होणे व वजन घटणे या लक्षणांत तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

भारतातील कायदा

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ स्तनपानाची शिफारस करते. भारतात १९९२ च्या अधिनियमाद्वारे (२००३ मध्ये सुधारित) शिशुदुग्धाच्या जाहिरातींवर बंदी असून आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना डब्यावर छापणे बंधनकारक आहे.