टाउफे म्हणजे बारसं नव्हे

शेजाऱ्यांच्या बाळाच्या 'टाउफे'ला, म्हणजे बाप्तिस्म्याला, आम्ही चर्चमध्ये गेलो होतो. परतताना मुलीने विचारलं, "बाबा, माझं टाउफे कधी झालं?" "अगं, तुझं बारसं झालं की!" असं सांगून मी मोकळा झालो. पण उत्तर बरोबर नव्हतं.

बारशात नाव मिळतं. बाप्तिस्म्यात जुन्या 'मी'ने पाण्यात मरायचं आणि ख्रिस्ताबरोबर नव्याने उठायचं, अशी श्रद्धा आहे. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या प्रश्नोत्तरीत लिहिलं, की हे बुडणं रोजचं आहे.

आपल्याकडे याची किंमत मोजली ती रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा दुरावले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या, पण सोवळं लगेच सुटलं नाही. जातिभेद माणसांनीच केला हे पटल्यावर त्यांनी आधी तो सोडला. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे'त हे सारं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे.

टिळकांनी अभंग मात्र सोडला नाही. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी.

ही गोष्ट मुलीला सांगितली, तर ती म्हणाली, "पण बाळाला हे कसं कळणार?" म्हणूनच इथली प्रोटेस्टंट मुलं चौदाव्या वर्षाच्या सुमारास 'कोन्फिर्मात्सिओन'मध्ये स्वतः होकार देतात. तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.