एकट्याने कॅटामरानच्या तारांचा ताण कसा जुळवतात?

तंबूचा मधला खांब चहूबाजूंच्या तणाव्यांवर उभा असतो. एक तणावा सुटला की खांब कलतो. छोट्या कॅटामरानची डोलकाठीही अशीच असते. दोन बाजूंना दोन तारा, पुढे एक.

‘कॅटामरान’ हा शब्द तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे लाकूड. आज दोन होड्या शेजारी जोडून केलेल्या नौकेला हे नाव आहे. ‘होबी १६’ ही त्यातली जगभर चालणारी नौका सुमारे ५ मीटर लांब आणि १४५ किलो वजनाची असते, म्हणून ती एकट्यालाही हाताळता येते.

ताण का महत्त्वाचा?
एकबुडी नौका वाऱ्याने कलते आणि जोर थोडा सोडते. कॅटामरान सहज कलत नाही, त्यामुळे तो जोर थेट तारांवर येतो. तार फार सैल असेल तर डोलकाठी हिसके खाते. फार घट्ट असेल तर सांधे दबतात.

एकट्याने करताना
१. काम किनाऱ्यावरच करा. शीड उतरवा, नौकेचं तोंड वाऱ्याकडे ठेवा.
२. वर विजेच्या तारा नाहीत ना, ते आधी पाहा. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते.
३. तारेची खीळ काढण्याआधी त्याच बाजूला डोलकाठीच्या वरच्या भागापासून जादा दोर घट्ट बांधा. दुसरा माणूस नसताना हाच दोर त्याची जागा घेतो.
४. एका वेळी एकच बाजू सोडा. दोन्ही बाजूंची भोकं मोजून सारखी ठेवा.
५. खीळ बसली, तिची कडी लागली, की मगच जादा दोर सोडा.
६. तुटलेले तंतू शोधायला तारेवरून फडकं फिरवा, उघडा हात नको.

समुद्रात काय होतं?
दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात बांधलेली ती एकबुडी नौका होती. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली. पाठीला जबर दुखापत झालेल्या टॉमींची सुटका तीन दिवसांनी झाली. तितकं वादळ कुठलीही तार अडवू शकत नाही. पण सुटलेली खीळ किंवा झिजलेली तार किनाऱ्यावर पाच मिनिटांत दिसते. पाण्यात एकटं असताना ती दुरुस्त करायला दुसरा हात नसतो.