मेंढ्यांतील सांसर्गिक गर्भपात : कारणांच्या शोधाचा इतिहास

मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. त्यातील साडेचार महिने सुखरूप गेल्यावर ती गाभडली, तर मेंढपाळाचे एक कोकरूच जाते असे नाही. वर्षाचा हिशेब बिघडतो. कारण विचारले की उत्तरे ठरलेली असतात : चारा निकस होता, थंडी बाधली, कुत्रे मागे लागले, कोणाची नजर लागली. ही केवळ अडाण्यांची उत्तरे आहेत असे समजू नये. १९३६ साली स्कॉटलंडमधील एका नामांकित संशोधन संस्थेच्या संचालकांनीही आहारातील उणिवेकडेच बोट दाखविले होते. खरे कारण हाती लागायला चौदा वर्षे गेली. ती का गेली, हे पाहणे प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या शोधाची सुरुवात मात्र मेंढ्यांपासून झाली नाही. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ चढउतार होत राहणारा ताप येत असे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली मृत सैनिकांच्या प्लीहेत त्याचा जंतू दाखविला. तो माणसात येतो कोठून, हे पुढची अठरा वर्षे कळले नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टी वैद्यकाने शेळ्यांचे रक्त तपासले आणि धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांतच या संसर्गाची खूण सापडली. पुढील तपासणीत बेटावरील जवळजवळ निम्म्या शेळ्यांच्या रक्तात ती आढळली. सुमारे दहा टक्के शेळ्या दुधातून जंतू बाहेर टाकत होत्या. १९०६ मध्ये सैन्याला शेळीचे दूध बंद झाले आणि छावणीतील रुग्ण झपाट्याने कमी झाले. जंतूला नाव मिळाले ते ब्रूसचे, ब्रुसेला मेलिटेन्सिस असे. झामिटचे नाव आपल्या वर्गांत क्वचितच ऐकू येते, याची खंत वाटते.

हाच जंतू शेळ्यामेंढ्यांना गाभडवतो. परंतु आयोगापुढचा प्रश्न सैनिकांच्या तापाचा होता, जनावरांच्या गर्भाचा नव्हता. तरीही माल्टाने एक गोष्ट शिकविली : रोग शोधायचा तर आजारी जनावराइतकेच निरोगी दिसणाऱ्या जनावराकडे पाहिले पाहिजे. स्कॉटलंडमध्ये नेमके हेच अवघड ठरले.

तेथील शेतकऱ्यांनी १९२० साली एकत्र येऊन जनावरांच्या रोगांवरील संशोधनासाठी संघटना स्थापन केली होती. एडिंबरोजवळची मोरडन संस्था तिचीच. संस्थेचे संचालक जे. रसेल ग्रेग यांनी १९३६ मध्ये मेंढ्यांतील एका स्थानिक गर्भपाताचे प्रथम वर्णन केले. मेंढ्या अंगाने चांगल्या, तरी विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी गाभडत. गाईंच्या गर्भपाताचा जंतू डेन्मार्कच्या बँगने १८९७ मध्येच दाखविला होता. मेंढ्यांतील व्हिब्रिओ (आजचा कॅम्पिलोबॅक्टर) मॅकफॅडियन व स्टॉकमन यांच्या १९१३ च्या अहवालाने परिचित झाला होता. येथे यांपैकी काही जुळेना. ओळखीचा जंतू नाही, मग कारण चाऱ्यात असावे, हा तर्क त्या परिस्थितीत अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही.

१९५० मध्ये त्याच संस्थेच्या स्टॅम्प, मॅकएवेन, वॅट व निस्बेट यांनी हा गर्भपात एका मेंढीतून दुसरीत संक्रमित होतो हे सिद्ध केले. वारेच्या लेपात, विशिष्ट पद्धतीने रंगविल्यावर, लालसर बारीक कण पुंजक्यांनी दिसत. हा जंतू जिवंत पेशीबाहेर वाढतच नाही, म्हणून नेहमीच्या माध्यमावर तो कधी उगवला नव्हता. कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यात तो वाढविता आला. आज त्याला क्लॅमिडिया अबॉर्टस म्हणतात.

पण जंतू सूक्ष्म आणि हट्टी होता एवढ्यानेच उलगडा होत नाही. खरी फसगत काळाची होती. एखादी मेंढी गाभडते तेव्हा वार, गर्भपाणी आणि मेलेले कोकरू यांतून असंख्य जंतू गवतावर व वाड्यात पसरतात. जवळच्या मेंढ्या ते चाटण्या-खाण्यातून घेतात. विण्याच्या बेतात असलेल्या बहुतेक मेंढ्या त्या वर्षी नीट वितात. जंतू त्यांच्या शरीरात लपून राहतो आणि पुढच्या गाभणपणात, शेवटच्या आठवड्यांत, वारेवर हल्ला करतो. म्हणजे संसर्ग या वर्षीचा, गर्भपात पुढच्या वर्षीचा. विकत आणलेल्या एका-दोन मेंढ्या पहिल्या हंगामात गाभडल्या, तर त्याकडे कोण लक्ष देणार? दुसऱ्या हंगामात कळपातील पाव हिस्सा मेंढ्या गाभडतात, तेव्हा मालक त्या वर्षीचा चारा आठवू लागतो.

इतर कारणे यानंतर एकेक करून उघडी पडली. न्यूझीलंडमध्ये हार्टली व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये टोक्सोप्लाझ्माचा संबंध दाखविला. हा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून पसरतो, हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले. क्यू ज्वराचा जंतूही याच मालिकेतला. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात तो दुभत्या शेळ्यांच्या गोठ्यांतून पसरला, चार हजारांवर माणसे आजारी पडली आणि गाभण शेळ्यांची मोठ्या प्रमाणावर कत्तल करावी लागली.

लसींचा इतिहास तितका सरळ नाही. मोरडनची अंड्यात वाढविलेली मृत जंतूंची लस १९५० च्या दशकात आली. सत्तरीच्या अखेरीस तिचे संरक्षण अपुरे पडू लागले. फ्रान्समध्ये रोडोलाकिस यांनी १९८३ मध्ये जिवंत, दुर्बल केलेला वाण दिला. तो उपयोगी ठरला, पण काही लस दिलेल्या मेंढ्या गाभडल्यावर त्यांच्या वारेत लसीचाच वाण सापडल्याच्या नोंदी नंतर झाल्या. ब्रुसेलाची रेव्ह-१ लस कोवळ्या कोकरांना देतात. गाभण मेंढीला दिली तर तीच गर्भपात घडवू शकते.

आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब्रुसेलोसिसच्या लसीचे लक्ष्य चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्या हे होते; मेंढ्या त्यात नव्हत्या. दख्खनी मेंढ्यांचे कळप महाराष्ट्र व कर्नाटकाची सीमा ओलांडून चरतात, पशुसंवर्धन मात्र राज्यांचा विषय आहे. बेळगावच्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. लस नसेल तेथे उरते ती जुनी शिस्त : अनोळखी कळपातून गाभण मेंढ्या आणू नयेत, गाभडलेली मेंढी काही आठवडे वेगळी ठेवावी, वार व मेलेले कोकरू कुत्र्यांपुढे न टाकता चुना घालून खोल पुरावे. त्याआधी वारेसह नमुना पशुवैद्यकामार्फत रोग अन्वेषण प्रयोगशाळेत पाठवावा. एकट्या रक्ताच्या नमुन्यावरून कारण ठरविणे कठीण जाते.

आणखी एक नोंद अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी. क्लॅमिडिया अबॉर्टसमुळे गर्भवती स्त्रियांचे गर्भपात झाल्याची प्रकरणे ब्रिटनमध्ये नोंदली गेली आहेत, आणि तेथे गर्भवतींनी मेंढ्यांच्या विण्याच्या काळात वाड्यापासून दूर राहावे अशी अधिकृत सूचना असते. आपल्याकडे वाडा झाडणे, कोकरांना पाजणे, वार उचलणे ही कामे बहुधा घरातील सुनेकडे किंवा मुलीकडे असतात. मेंढपाळ, खाटीक आणि जनावरांचे व्यापारी यांच्या घरांतून आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुली त्यांतच आहेत.